तिसऱ्यांदा दिल्ली: घरच्यांना घेऊन न बघितलेली दिल्ली कशी शोधायची

माझी नणंद दिल्लीत द्वारकेला राहते, त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा तरी आमची फेरी होतेच. पहिल्या फेरीत इंडिया गेट, लाल किल्ला, कुतुबमिनार, लोटस टेम्पल, अक्षरधाम सगळं उरकलं. दुसऱ्या फेरीत सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, म्हणून परत तेच सगळं. तिसऱ्यांदा तिकिटं काढली तेव्हा तेरा वर्षांच्या लेकीने सरळ विचारलं, "परत कुतुबमिनारसमोर फोटो काढायचाय का? मागच्याच फोटोतली तारीख बदलू की!" धाकटा नऊ वर्षांचा, त्याचं म्हणणं दिल्लीला फक्त आत्याकडच्या कुत्र्यासाठी जायचं. आणि नवऱ्याचं नेहमीचं, तुम्ही ठरवा मी येतो.

मग मी काय केलं, तर सगळे करतात तेच, रील्स बघितल्या. "दिल्लीतल्या १० छुप्या जागा" टाइप. गंमत अशी की सगळ्यांच्या यादीत त्याच दहा जागा असतात, म्हणजे छुपं काय राहिलं त्यात. एका बावलीवर (बावली म्हणजे आपली बारव) गेलो तर पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती, प्रत्येक पायरीवर कुणीतरी ओढणी उडवत होतं. त्या दिवशी शहराच्या चार कोपऱ्यांतल्या चार जागा करायला निघालो होतो, दोन झाल्या, उरलेला दिवस कॅबमध्ये सिग्नल बघण्यात गेला आणि सासूबाई शेवटच्या ठिकाणी गाडीतून उतरल्याच नाहीत, म्हणाल्या तुम्ही बघून या मी इथनंच नमस्कार करते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की यादी दुसऱ्याची घेऊन चालणार नाही, आपली आपण करायची. ती कशी करायची ते सांगते, दिल्लीपुरतंच, कारण मला तेवढंच माहितीय.

पहिली गोष्ट, लांब जाऊ नका. जे बघून झालंय त्याच्या भिंतीपलीकडे बघा. दिल्लीत पुरातत्त्व खात्याच्या यादीत पावणेदोनशेच्या आसपास वास्तू आहेत आणि टूरच्या बसेस थांबतात जेमतेम सात-आठ ठिकाणी, म्हणजे बाकीचं सगळं त्या सात-आठांच्या मागेपुढे गल्लीत पडलेलं असतं. कुतुबमिनारचंच घ्या. तिथे तिकिटाची रांग, गर्दी, ग्रुप फोटो, आणि तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर मेहरौली आर्किऑलॉजिकल पार्क, आत जायला पैसे नाहीत, आणि आम्ही गेलो त्या सकाळी आत मोजून वीसेक माणसं असतील. मेट्रोच्या यलो लाइनवर कुतुबमिनार स्टेशनला उतरायचं, लाडो सरायच्या बाजूने अनुव्रत मार्गावरून आत शिरायचं.

तिथे बल्बनची कबर आहे. बल्बन म्हणजे गुलाम घराण्यातला सुलतान, १२८७ साली गेला. घुमट कधीचाच पडलाय, नुसत्या दगडी भिंती उभ्या, वर आभाळ. पहिल्यांदा बघितलं तर पडकं घर वाटेल. पण इथल्या कमानी नीट बघा, भारतात आज उभ्या असलेल्या अगदी पहिल्या खऱ्या कमानींत यांची गणती होते. खरी कमान म्हणजे काय हे मुलांना तोंडी सांगून कळेना, मग मी पर्समधला पार्ले-जीचा पुडा काढला. एकावर एक बिस्कीट ठेवायचं आणि प्रत्येक वरचं बिस्कीट जरा पुढे सरकवायचं, दोन्ही बाजूंनी असं करत मध्ये आणून टेकवायचं. कुतुबच्या आवारात ज्या मोठाल्या कमानी आहेत त्या अशा आहेत, आणि आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांची छतं पण साधारण याच पद्धतीची. बल्बनकडे मात्र दगड पाचरीसारखे तासून गोलात बसवलेत, मधला दगड सगळ्यांना दाबून धरतो. धाकट्याने बिस्किटाचे कोपरे खाऊन पाचर करायचा प्रयत्न केला, कमान काही उभी राहिली नाही, पण त्याला ती गोष्ट कायमची कळली, पुढचे चार दिवस तो प्रत्येक दारावर "सरकवलेली की पाचरीची" हेच बघत होता.

त्याच पार्कात पुढे राजों की बावली. १५०६ सालची, सिकंदर लोदीच्या काळातली, खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि बाजूला कमानींचे मजले. आम्हाला वाटलं राजांची बावली, म्हणजे कुणीतरी राजा असणार. तसं नाही, राज म्हणजे राजमिस्त्री, गवंडी! एकेकाळी इथे गवंडी राहायचे म्हणून हे नाव. सासूबाईंना हे फार आवडलं, की राजाच्या नावाने सगळंच असतं, गवंड्याच्या नावाने एक तरी निघालं. जवळच जमाली-कमाली, मशीद आणि शेजारी छोटा मकबरा. मकबऱ्याला बहुतेक वेळा कुलूप असतं, वैतागून परत फिरू नका, पहारेकऱ्याला शोधा आणि चांगल्या शब्दांत विचारा. आम्हाला त्याने दोन मिनिटं उघडून दिलं, बाहेरून साधी चौकोनी खोली आणि आत मान वर केली तर छतभर लाल-निळी नक्षी, आम्ही सगळे गप्पच.

पहारेकऱ्याशी बोलायचं हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण दिल्लीत याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. "भैया, यहाँ आसपास और क्या है जो लोग नहीं देखते" एवढं एक वाक्य पाठ करा. पाच वेळा विचारलं तर तीन वेळा काहीतरी निघतंच.

भिंतीपलीकडेचं दुसरं उदाहरण म्हणजे साकेतचे मॉल. लेकीला तिथे जायचंच होतं, दुसऱ्या फेरीतही गेलेलो, ठीक आहे जाऊ दे. पण त्या मॉलसमोरचा मोठा रस्ता ओलांडला की खिडकी गाव लागतं आणि गावाच्या मधोमध खिडकी मशीद. चौदाव्या शतकातली, तुघलकांच्या वेळची, दगडी जाळीच्या खिडक्या आहेत म्हणून मशिदीचं नाव खिडकी आणि मशिदीवरून गावाचंही. बाकीच्या मशिदींना मध्ये उघडं अंगण असतं, ही जवळजवळ सगळी छताखाली, आत अंधार, थंडगार आणि वटवाघळांचा वास (नाकाला रुमाल ठेवा). २०१८ मध्ये इथे दुरुस्तीचं काम चालू असताना जमिनीत तांब्याची २५४ नाणी सापडली. हे सांगितल्यावर धाकटा खाली बघूनच चालायला लागला. तिथून थोडं पुढे सातपुला, मुहम्मद बिन तुघलकाने बांधलेला बंधारा, सात मुख्य कमानी, त्यांच्यातून दारं वरखाली करून पाणी सोडायचे, शिवाय तोच बंधारा शहराच्या तटबंदीचा भाग. आता पाणी नाही, समोर पोरं क्रिकेट खेळतात. म्हणजे अर्धा दिवस मॉल, अर्धा दिवस हे, कॅबचा खर्च शून्य आणि कुणाचं तोंड वाकडं नाही.

हुमायूनची कबर बघितली असेल तर शेजारीच सुंदर नर्सरी आहे, पण ती आता तशी गाजलेली, रविवारी जाऊ नका. त्यापेक्षा मथुरा रोडवर थोडं पुढे रहीमचा मकबरा. हो, तोच दोह्यांवाला रहीम, शाळेत हिंदीला असलेला. त्याने हा बायकोसाठी बांधला १५९८ च्या सुमाराला, ताजमहालच्या कितीतरी आधी, आणि नंतर त्याला स्वतःलाही तिथेच पुरलं. मधल्या काळात याचे दगड लोकांनी काढून नेलेले, बरीच वर्षं दुरुस्ती चालली होती, २०२० च्या शेवटी परत खुला झाला. लेकीच्या परीक्षेत रहीमवर प्रश्न आला होता म्हणून तिला त्याचा राग होता, तरी तिने कबरीचा फोटो काढून हिंदीच्या बाईंना पाठवला.

आता दुसरी पद्धत, ही मला स्वतःला सगळ्यात आवडते. आपल्या गावाचा धागा घेऊन जायचं. आपण मराठी माणसं दिल्लीला पाहुण्यासारखी जातो, पण इतिहास बघितला तर देवगिरी आणि दिल्लीचं येणंजाणं सातशे वर्षांपूर्वीपासून आहे (प्रेमाचं नव्हे, ते सोडा). १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, रामदेवरायाकडून अमाप सोनंनाणं घेऊन गेला, आणि त्याच पैशाच्या जोरावर त्याच वर्षी दिल्लीचा सुलतान झाला. दौलताबाद मुलांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं, म्हटलं चला, आपल्या पैशाचं काय झालं ते बघू. हौज खासचा तलाव त्यानेच खणवलेला, तिथे सगळे जातात. पण हौज खास एन्क्लेव्ह नावाच्या उच्चभ्रू कॉलनीत, बंगल्यांच्या मधोमध एका छोट्या गोल बागेत चोर मिनार उभा आहे. बुटका, जाडजूड, आणि अंगभर भोकं, सव्वादोनशे भोकं. चोरांची मुंडकी कापून या भोकांतून लावायचे असं सांगतात. समोर एक आजोबा स्वेटर-टोपी घालून पेपर वाचत होते, बाजूला एक बाई बाबागाडी ढकलत होती, आणि मध्ये हा मिनार. दिल्ली म्हणजे काय ते मला लाल किल्ल्यापेक्षा या बागेत जास्त कळलं.

मग दुसरा धागा, मुहम्मद बिन तुघलक. १३२७ ला दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला नेणारा आणि तिचं दौलताबाद करणारा तोच. आपण कायम त्याच्या वेडेपणाच्या गोष्टी सांगतो, पण तो निघाला कुठून ते बघितलंय का? हौज खास मेट्रोच्या जवळ, कालू सराय-बेगमपूरच्या बाजूला बिजय मंडल म्हणून एक उंच पडीक इमारत आहे, त्याच्या हजार खांबांच्या महालाचा हा भाग असं मानतात. मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता, त्याने त्या महालाचं वर्णन लिहून ठेवलंय, तो याच सुलतानाकडे काझी म्हणून नोकरीला होता. आज तिथे एक खांब नाही, नुसतं गवत, दगड, आणि वर अष्टकोनी खोली. चढून वर गेलं की चहूबाजूला गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. तिथून पाच-दहा मिनिटांवर बेगमपूरची मशीद, ही मात्र चुकवू नका. बोळात शिरता, दोन्ही बाजूला पाच-पाच मजली घरं, स्कूटरी, वाळत घातलेले कपडे, आणि अचानक पायऱ्या, त्या चढून दारातून आत गेलं की एवढं मोठं अंगण की आवाज घुमतो. चारी बाजूंनी कमानींची रांग. एके काळी अख्खं गाव या मशिदीच्या आत राहायचं, नंतर पुरातत्त्व खात्याने त्यांना बाहेर हलवलं. आम्ही होतो तेव्हा आत दोन कुत्री आणि आम्ही पाच जण. नणंद बारा वर्षं दिल्लीत राहते, तिलाही हे माहीत नव्हतं, आता ती स्वतः पाहुण्यांना घेऊन जाते आणि मीच शोधलंय असं सांगते.

हा धागा पुढे मराठ्यांपर्यंत येतो. तालकटोरा, जिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं मराठी साहित्य संमेलन झालं ते स्टेडियम, त्याच भागात मार्च १७३७ मध्ये पहिला बाजीराव फौज घेऊन थडकला होता आणि बादशाही फौजेला पिटाळून परत फिरला होता. बाग आहे तिथे, बघायला म्हणाल तर फार काही नाही, पण बाकावर बसून मुलांना गोष्ट सांगायला जागा उत्तम. लाल किल्ला परत बघायचाच असेल तर यावेळी दिवाण-ए-खासात मान वर करून छत बघा, तिथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं, फौजेला द्यायला पैसा नव्हता, पुढे पाच-सहा महिन्यांत पानिपत. गाइड हे सांगताना जरा आपल्याकडे बघतो. आणि धाकट्यांसाठी एक खेळ: दिल्लीत शिवाजी ब्रिज आणि टिळक ब्रिज नावाची रेल्वे स्टेशनं आहेत, एअरपोर्ट मेट्रोवर शिवाजी स्टेडियम स्टेशन आहे, अशी आपली नावं किती सापडतात ते मोजायचं, जिंकणाऱ्याला जलेबी.

तुमचा धागा वेगळा असेल. कुणी मुंबईचं असेल तर पंचम जॉर्जला धरा. गेटवे ऑफ इंडिया ज्याच्यासाठी बांधलं तो राजा २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरला, आणि दहा दिवसांनी, १२ तारखेला, दिल्लीत दरबार भरवून त्याने जाहीर केलं की राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला येणार. तो दरबार जिथे भरला ते कोरोनेशन पार्क, बुराडी रोडवर, जीटीबी नगर मेट्रोवरून ऑटो. इंडिया गेटमागे दगडी छत्री आहे ना, जिच्यात आता २०२२ पासून नेताजींचा पुतळा आहे, त्या छत्रीत आधी हा पंचम जॉर्ज उभा होता. १९६८ मध्ये त्याला तिथून हलवलं. आता तो या पार्कात आहे, उंचच्या उंच पांढरा पुतळा, अंगावर तो लांबलचक झगा, आणि आसपास बाकीच्या गोऱ्या साहेबांचे पुतळे. ज्या जागी स्वतःच्या साम्राज्याची नवी राजधानी जाहीर केली त्याच जागी त्याला आणून ठेवलाय, आणि समोर पोरं पतंग उडवतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जाणाऱ्यांनाच याची मजा कळते, कारण ती छत्री त्यांनी आधी बघितलेली असते.

धागा सापडत नसेल तर मेट्रोचा नकाशा घेऊन बसा. आपल्याकडे जसं पेठ, वाडी, बुद्रुक-खुर्द वरून गावाचं काहीतरी कळतं तसं तिकडे आहे. सराय असेल तर तिथे प्रवाशांची धर्मशाळा होती, कोटला म्हणजे छोटा किल्ला, हौज म्हणजे तलाव, बाग तर बागच, पूर म्हणजे जुनं गाव जे आता शहराने गिळलंय. अशा नावाच्या स्टेशनभोवती फोनमधला नकाशा झूम करत जा, कबर, गुंबद, बावली असं शोधा, इतक्या बारीक बारीक खुणा निघतात की बघत राहाल. त्यातल्या ज्याला वीस-पंचवीस रिव्ह्यू आहेत आणि त्यात "यहाँ कोई आता नहीं" असं लिहिलंय ती आपली जागा. मात्र फोटो नीट बघा, कधी कधी गुंबद कुणाच्या तरी गोठ्यात असतो. इन्टॅक म्हणजे जुना वारसा जपणारी संस्था, तिचे लोक दिल्लीत हेरिटेज वॉक करतात, त्यांच्या वॉकचे मार्ग वाचले तरी कुठल्या भागात काय एकमेकांजवळ आहे ते समजतं.

आता घरच्यांचं. नुसत्या कबरी दाखवल्या तर तिसऱ्या दिवशी बंड होतं, अनुभवाने सांगते. आमच्याकडे नियम केला की प्रत्येकाला एक जागा निवडायचा हक्क आणि बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही. धाकट्याने चाणक्यपुरीचं रेल म्युझियम निवडलं. तिथे पतियाळा संस्थानची मोनोरेल आहे, एका बाजूची चाकं एकाच रुळावर आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूचं मोठं चाक रस्त्यावर, १९०७ मधली आयडिया. लेकीने, आम्हाला छळायला म्हणूनच, सुलभचं टॉयलेट म्युझियम निवडलं, पालम-डाबरी रोडला महावीर एन्क्लेव्हमध्ये, नणंदेच्या घराजवळच. हसायला गेलो आणि दीड तास बाहेर आलो नाही. चौदाव्या लुईच्या सिंहासनाची प्रतिकृती आहे तिथे, सिंहासन म्हणजे कमोड, बसल्या बसल्या दरबार. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आणि सासूबाईंची निवड होती कोटला, गुरुवारी. फिरोजशाह कोटला, दिल्ली गेट मेट्रोजवळ. तिथे अशोकाचा स्तंभ आहे जो फिरोजशाह तुघलकाने हरियाणातल्या टोपरा गावातून आणला, सावरीच्या कापसाच्या गादीवर अलगद आडवा करून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर, मग होड्यांवरून यमुनेतून. त्यावर काय लिहिलंय हे त्या वेळी कुणालाच वाचता येत नव्हतं, ब्राह्मी लिपी प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अभ्यासकाने लावली ती १८३७ मध्ये. पण सासूबाईंना स्तंभासाठी नव्हतं जायचं. दर गुरुवारी तिथे खालच्या अंधाऱ्या खोल्यांत लोक जिनांना, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या आत्म्यांना, अर्ज लिहून ठेवतात, खरोखरचे अर्ज, फोटो जोडून, झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत, सरकारी कचेरीत देतात तसे. नणंदेने हे सांगितलं होतं तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. अगरबत्त्या, दूध, फुलं, भिंती काळ्या झालेल्या. इथे फोन बाहेर काढू नका, लोक फार खऱ्या दुखण्यांसाठी येतात. सासूबाईंनी पण पर्समधून एक चिठ्ठी काढून ठेवली, काय लिहिलं ते सांगितलं नाही, मराठीत लिहिली होती एवढं दिसलं. जिनाला मराठी येतं का म्हणून धाकट्याने विचारलं तर म्हणाल्या, दौलताबादला जाऊन आलाय तो.

थोडं कामाचं बोलते, पटापट. सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेम्पल, म्युझियमं बंद, म्हणजे सोमवार मोकळ्यावरच्या जागांसाठी ठेवा, मेहरौली, बेगमपूर वगैरे. दिवसाला एक भाग, त्यात फार तर तीन जागा, आणि जेवायला दुपारी बाहेर बसायचंच. कोटला, तुघलकाबाद अशांना वीस-पंचवीस रुपये तिकीट, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, आणि गल्लीतल्या बहुतेक जागा फुकट. पण फुकट जागेत टॉयलेट नसतं, त्यामुळे मेट्रो स्टेशनवरच उरकून निघा, आजी बरोबर असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं. पडक्या जागांत चपला नकोत, बूट घाला, पायऱ्यांना कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नका. मेहरौली पार्क किंवा उत्तरेची रिज (टेकाडावरचं जंगल), अंधार पडायच्या आत बाहेर या. माकडं असतील तिथे खाऊची पिशवी हातात नको. मशिदी-दर्ग्यांसाठी एक ओढणी पर्समध्ये ठेवा. मेट्रोत पहिला डबा बायकांचा, आजी आणि मुली तिकडे बसवल्या की जागा मिळायची शक्यता जास्त.

कधी जायचं हा खरा घोळ. दिवाळीच्या सुट्टीत धूर, मेमध्ये ४५ डिग्री, म्हणजे शाळेची मुलं असतील तर नाताळच उरतो आणि तेव्हा धुकं. गाड्या-विमानं उशिरा हे गृहीत धरा आणि सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचा हट्ट धरू नका. फेब्रुवारीत दोन रजा टाकून जमलं तर सोन्याहून पिवळं. थंडीचा एक फायदा म्हणजे दौलत की चाट, पुरानी दिल्लीत चांदणी चौक, किनारी बाजारच्या बाजूला हिवाळ्यातच मिळते, दुधाचा फेस, वर केशर-खवा-साखर, जिभेवर ठेवली की गेली. नावात चाट आहे पण तिखटाचा संबंध नाही, आणि दौलताबादशीही नाही, विचारून झालंय. घरचं जेवण आठवायला लागलं तर महाराष्ट्र सदनात कॅन्टीन आहे, वेळा आधी फोन करून विचारा.

शेवटच्या दिवसासाठी मी एक जागा राखून ठेवली होती, आमचं माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीचं म्हणून. मेहरौली गावात, बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून, जफर महल. शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर इथे पावसाळ्यात येऊन राहायचा. मोठा लाल दरवाजा अजून उभा आहे, आत बरंचसं पडलंय, आजूबाजूच्या घरांनी चिकटून भिंती घातल्यात. आत छोट्याशा मोती मशिदीजवळ संगमरवरी जाळीच्या आत कबरी आहेत. त्यातली एक शाह आलम दुसऱ्याची, ज्याला मराठ्यांनी १७७२ मध्ये दिल्लीत आणून परत गादीवर बसवलं आणि पुढे रोहिल्याने त्याचे डोळे काढले तेव्हा महादजी शिंदे धावून आले. आणि तिथेच एक जागा रिकामी आहे. ती जफरने स्वतःसाठी ठेवलेली. १८५७ नंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला नेलं, १८६२ मध्ये तो तिकडेच गेला, तिकडेच पुरला.

मग मुलांना विचारलं, आणि ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी कुठे ठेवलं? लेकीने एक सेकंद घेतला आणि ओरडलीच, थिबा! १८८५ मध्ये त्याचं राज्य गेलं, रत्नागिरीला आणून ठेवला, १९१० ला तो राजवाडा पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो आमच्या गावातच गेला. थिबा पॉइंटवर आम्ही दर मे महिन्यात भेळ खातो.

सासूबाई कठड्यावर बसल्या होत्या, गुडघे चोळत. त्या रिकाम्या फरशीकडे जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आता घरी गेलो की थिबाच्या समाधीवर जाऊन येऊ या एकदा. इतकी वर्षं राहिल्ये रत्नागिरीत, कधी गेल्येच नाही."

बाहेर पडलात की दर्ग्याच्या गल्लीतून सरळ मुख्य रस्त्यावर या, तिथून कुतुबमिनार मेट्रोला ई-रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवून बसा.